मागे कोण

"ह्याचं तोंड जड आहे," टेस म्हणाली आणि तिनं पिस्तूल हळूच काचेवर ठेवून दिलं. एवढंच म्हणाली. डॉटच्या दुकानात शनिवारी सकाळी बंदुकांच्या तेलाचा आणि कॉफीचा वास असतो, रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत असतं, बाहेर रस्त्यावर फेकलेल्या मिठानं चिखल झालेला बर्फ असतो, तसं सगळं होतं. माझी दहा वर्षांची पोरगी एका पिस्तुलाबद्दल चार शब्द बोलली, त्यात बिघडलं काय? पण मला कुणीतरी कोपरानं ढोसावं तसं झालं. कारण तो शब्द माझा नव्हता. मी तिला पिस्तुलाबद्दल जे काही सांगितलं होतं त्यात 'तोंड जड' कुठंच नव्हतं. पिस्तुलाचा तोल पुढं नळीकडे झुकत असला तर आमचे वडील म्हणायचे, "नाक खाली घालतंय." मी तेच म्हणतो. ह्या पोरीच्या जिभेवर आता दुसऱ्याच कुणाची तरी भाषा बसली होती. ती कुणाची हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं, कारण जिथं दुखतं तिथंच बोट दाबून बघायची माझी खोड जुनी आहे. टेस खाली बघत म्हणाली, "वेन म्हणतो."

वेन म्हणजे माझ्या बायकोचा नवरा. माझी बायको असं अजून तोंडात येतं, खरं तर रोशेल आता त्याची बायको आहे. वेन दातांच्या कवळ्या करतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे समोर ठेवून बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या मुलीचा गृहपाठ करून घेतो. उंच, मवाळ, हळू बोलणारा माणूस. त्याच्यात खोट काढावी म्हणून मी फार प्रयत्न केले आहेत. पण पठ्ठ्या दारू पीत नाही, ओरडत नाही, माझ्या वाराला मुलगी वेळेवर आणून सोडतो आणि वर "मजा करा" म्हणतो. असल्या माणसाचा राग करायचा तरी कसा, पण मी जमवलं आहे. मागच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं, मटण वर्ज्य म्हणून माशाचं जेवण होतं. आमच्या पिट्सबर्गमध्ये त्या शुक्रवारी मासा खायला कोण येत नाही! मी माझ्या डेपोतल्या ड्रायव्हर मंडळींबरोबर एका टेबलावर आणि पलीकडे ते तिघं. मी बघत होतो. टेसनं काही न बोलता आपली कोबीची वाटी वेनच्या ताटाकडे सरकवली, वेननं काही न बोलता त्याच्या माशाचं कुरकुरीत आवरण काढून तिच्या ताटात ठेवलं, आणि दोघं खात राहिली. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. रोज घडत असेल तेव्हाच इतकं सहज घडतं. तिला कोबी आवडत नाही हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं मी तिला दर शनिवारी कोबीचं सँडविच खाऊ घालत होतो आणि ती बिचारी गिळत होती. माझ्या पुढ्यातला मासा मला जाईना. शेजारचा म्हणाला, काय रे गॅरी, काटा अडकला का? म्हटलं, हो, काटाच.

तरी मला एक खात्री होती की पिस्तूल माझं आहे. म्हणजे नेमबाजी. वेन असल्या गोष्टींतला नव्हे, हे मी गृहीत धरलं होतं. हरणाच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शाळांना सुट्टी असते, पण हा गृहस्थ त्या दिवशी घरात बसून केक करतो. तेव्हा हे एक क्षेत्र सुरक्षित आहे, इथं मीच बाप, असं मनाशी धरून मी वसंताची वाट बघत होतो. एप्रिलमध्ये आमच्या क्लबात पोरांचा पिस्तुलाचा मोसम सुरू होतो. मी तिला पहिलं पिस्तूल घेऊन देणार, मी शिकवणार, आणि मोसमाच्या आधी जेव्हा पोरांना विचारतात तेव्हा ती माझं नाव घेणार. त्या विचारण्याबद्दल पुढं सांगतोच. ते एक सुख मी महिनोन् महिने घोळवत होतो. आता तिथंही कवळीवाला आधीच येऊन बसला होता.

डॉटनं काचेवर कापड अंथरून तीन पिस्तुलं मांडली होती, सगळी पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, कारण पोरांना दुसरं काही द्यायचंच नसतं. आवाज लहान, धक्का नाही, गोळी स्वस्त. पोर एकदा धक्क्याला दचकलं की ते दचकणं मनगटातून जन्मभर जात नाही. डॉट बाई साठीची असेल, नवरा गेल्यावर दुकान एकटी चालवते आणि गिऱ्हाइकाला माल विकण्यापेक्षा न विकण्यात तिला जास्त रस असावा असं वाटतं. पहिलं रिव्हॉल्व्हर होतं. समजायला सोपं, सगळं डोळ्यांसमोर फिरतं, पण त्याचा चाप ओढताना टेसचं बोट पांढरं पडलं आणि नळी हलली. दुसरं नव्या पद्धतीचं, हलकं, छोट्या मुठीचं, दोन्ही बाजूंनी सारखं. ते तिच्या हातात छान बसलं, फक्त वरची सरक मागे ओढायला तिला दोन्ही कोपरं वर करावी लागली. डॉट म्हणाली, ते जमतं हळूहळू, पोरं ताकदीपेक्षा युक्तीनं करतात. आणि तिसरं होतं ते. लांब नळीचं, जुनं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीला अंगठा टेकवायला कोरलेली कड. आमच्या वडिलांचं अगदी असंच होतं. ते गेल्यावर आईनं कुणाला न विचारता विकून टाकलं. लाकडाला तोच वास होता. मी ते हातात घेतलं आणि माझा अंगठा त्या कडेवर आपणहून जाऊन बसला. टेसनं ते धरलं, नळी क्षणभर स्थिर राहिली आणि मग खाली झुकायला लागली, आणि तेव्हा ती ते वाक्य म्हणाली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरगी सांगते आहे जड आहे, डॉटचे डोळे दुसऱ्या पिस्तुलाकडे वळताहेत, तेच घेतलं असतं. पण माझ्या कानात 'वेन म्हणतो' घुमत होतं. हलकं पिस्तूल घेणं म्हणजे वेनचं ऐकणं, असं माझ्या डोक्यानं सरळ समीकरण मांडलं. तो माझ्या दुकानात, माझ्या शनिवारी, न येता निवड करून जाणार? मी म्हटलं, हेच घेऊ, तोंड जड असलं की नेम स्थिर राहतो, हात तयार होईल. डॉटनं बाकीची दोन पिस्तुलं आवरली. मग पेटी काढता काढता म्हणाली, "मूठ उजव्या हाताची आहे बरं का, गॅरी."

"पोरगी उजव्याच हाताची आहे."

"धरताना बघितलंस का तिला?"

"डॉट, मी तिचा बाप आहे. मला माहीत नसणार?"

डॉटनं खांदे उडवले. टेस भिंतीवरच्या भुसा भरलेल्या टर्कीकडे बघत होती, जणू ती टर्की आत्ताच काहीतरी बोलली. डॉटनं फोनवर माझी पोलिसांकडची रीतसर चौकशी आटोपली, मी पैसे दिले आणि आम्ही निघालो. पेटी काखेत घेताना मला फार मोठा विजय मिळवल्यासारखं वाटलं आणि मोटारीपर्यंत पोचेस्तोवर तो विजय कसला हे आठवेना.

गाडीत मी पुन्हा तेच उकरलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, वेनकडे पिस्तूल आहे का. नाही म्हणाली. मग शिकवतो कशानं? तर त्यानं स्वयंपाकघराच्या मोडक्या फळीतून एक लाकडी पिस्तूल कापलं आहे. जेवणं झाली की ती फ्रिजसमोर उभी राहते, तो लाकडी नळीवर एक नाणं ठेवतो, आणि नाणं न पडू देता तिनं श्वासाच्या तळाशी जाऊन बोट दाबायचं. श्वासाचा तळ म्हणजे काय, मी विचारलं, जरी मला कळलं होतं. "श्वास सोडला की खाली एक जागा असते ना बाबा, पुढचा घ्यायच्या आधी, तिथं काहीच हलत नाही. तो तळ." मी समोर बघून पुलावरून गाडी चालवत राहिलो. तो तळ मला ठाऊक होता, आयुष्यभर ठाऊक होता, पण त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं. आमच्या वडिलांनी मला फक्त सांगितलं होतं, "श्वास धर." जळफळाट म्हणजे काय असतो हे मला त्या पुलावर नीट कळलं. तो माझ्या मुलीला शिकवत होता ह्याचा मला राग नव्हता. तो चांगलं शिकवत होता ह्याचा होता. फ्रिजसमोर, रोज, माझ्याच जुन्या स्वयंपाकघरात, ती फळी बहुधा मी बसवलेली, आणि रोशेल भांडी आवरता आवरता बघत असणार. तो कुठं शिकला हे असलं, मी विचारलं. लहानपणी कुठल्याशा गावच्या क्लबात, टेस म्हणाली. मग थांबून म्हणाली, त्याला ते फारसं आवडलं नाही तिथं. का ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याचं बालपण कोणाला ऐकायचं होतं.

आमच्या क्लबाची रीत सांगायची राहिली. बारा वर्षांच्या आतलं पोर तिथं एकटं नेम धरत नाही. त्याच्या मागे एक मोठं माणूस उभं असतं, हातभर अंतरावर, पूर्ण मोसमभर तेच एक माणूस. आणि ते कोण, हे आईबाप ठरवत नाहीत, पोर ठरवतं. मोसमाआधी पोराला पिवळ्या रेघेवर उभं करतात आणि विचारतात, "तुझ्या मागे कोण?" पोरानं मोठ्यानं नाव घ्यायचं. झालं. आणि मागे उभं राहणाऱ्याला एकच नियम, कागद बघायचा नाही. निशाणाचा कागद पळून जात नाही, पोराकडे बघ, हे वाक्य तिथं प्रत्येकाच्या तोंडात असतं. खांदे बघ, मान बघ, बोट बघ. गोळी कुठं लागली ते नंतर बघता येतं.

मी लहानपणी त्या रेघेवर उभा राहून वडिलांचं नाव घेतलं होतं. आणखी कुणाचं घेणार? पण आमच्या गल्लीतल्या डेनिसनंही तेच नाव घेतलं. त्याचा बाप नव्हता, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. वडील आधी त्याच्या मागे उभे राहत, मग माझ्या. मी बाकावर बसून बघायचो. डेनिसच्या मागे असताना ते डेनिसकडे बघत. त्यांचा श्वाससुद्धा त्याच्या श्वासाबरोबर चाले, त्याचे खांदे खाली आले की ह्यांचे खाली येत. आणि मी उभा राहिलो की त्यांची ती छोटी दुर्बीण डोळ्याला लागायची. ते माझ्या मागे उभे राहून कागद बघायचे. गोळी सुटायची आणि मागून एक 'च्' यायचा. कानांवर झाकणं असूनही मला तो 'च्' ऐकू यायचा, कसा ते सांगता येणार नाही, मानेवर यायचा. माझा नेम वाईट होता. नेहमी एकाच बाजूला, नेहमी बाहेर. वडिलांचं निदान होतं की मी डावा डोळा मिटत नाही. मला तो मिटताच येत नसे, एक मिटायला गेलो की दोन्ही मिटत. म्हणून त्यांनी काळी चिकटपट्टी आणली. डाव्या डोळ्यावर पट्टी, तिचा तो रबरासारखा वास, आतल्या अंधारात पापणी फडफडायची आणि काढताना भुवईचे केस जायचे. पट्टी लावून उजव्या डोळ्यानं बघितलं की नळीवरची माशी, म्हणजे नेमाचा पुढचा खुंट, मागच्या खाचेत धुरकट नाचायची. पुढं डेनिस जिल्ह्यात पहिला आला आणि वडिलांनी त्याला ते अक्रोडी मुठीचं पिस्तूल एक दिवस घरी न्यायला दिलं. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. सांगायचं एवढंच की हा मत्सर माझ्या घरी वेनच्या आधीपासून राहतो. वेन नुसता भाडेकरू आहे.

क्लब डोंगराच्या पोटाशी आहे, तळघरात लांबट खोली, पलीकडे मातीचा बांध. बर्निसनं दार उघडलं. ही बाई वडिलांच्या वेळेपासून आहे, पोरांचं सगळं तीच बघते, आणि तिच्यापुढं मी अजून शेंबडाच. तिनं नवीन पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर तुझ्या म्हाताऱ्याचंच." मला बरं वाटलं. तिचा सूर तसा कौतुकाचा नव्हता हे नंतर लक्षात आलं. आधी थोडा सराव करा, मग विचारते, असं म्हणून ती पलीकडे खुर्चीवर बसली. कानांवर झाकणं, डोळ्यांवर चष्मे, मी एकेक गोळी भरून दिली, टेस उभी राहिली आणि मी तिच्या मागे.

ती उजव्या हातात धरून उभी होती. पण मान अशी वाकडी, की हनुवटी उजव्या खांद्यावर टेकलेली. मी म्हटलं, मान सरळ. तिनं सरळ केली. गोळी गेली आणि कागदाच्या पार बाहेर मातीत धूळ उडाली. पुन्हा. नळी खाली झुकायला लागली, मनगट थरथरलं, पुन्हा बाहेर. मान परत वाकडी. मी म्हटलं, डावा डोळा मीट. तिनं प्रयत्न केला, दोन्ही मिटले. पुन्हा सांगितलं, पुन्हा दोन्ही. मी वाकून कागद बघत होतो, किती बाहेर जातंय ते मोजत होतो, आणि माझ्या तोंडून 'च्' निघाला. तिला ऐकू आला असणं शक्य नाही. पण तिची मान एकदम आखडली.

मग मी पिशवीत हात घातला. पिशवीत काळी चिकटपट्टी होती. मी ती आणली होती, मुद्दाम विकत घेऊन आणली होती, कारण माझ्या डोक्यात नेमबाजी शिकवणं म्हणजे ती पट्टी होती. मी एक तुकडा फाडला. तो फाटायचा आवाज, तो वास. टेसनं पिस्तूल रिकामं करून, तोंड मातीकडे ठेवून खाली ठेवलं, अगदी रीतसर, आणि माझ्याकडे वळली. तिनं डोळा पुढं केला. पट्टी लावून घ्यायला ती तयार होती. तिचा चेहरा बघून माझा हात थांबला, कारण मी तो चेहरा आतून ओळखत होतो.

तिनं एका कानावरचं झाकण सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, मी उजव्या हाताची आहे पण डाव्या डोळ्याची आहे."

"म्हणजे?"

"माझा डावा डोळा मालक आहे. वेननं बघितलं. म्हणून मी डाव्या हातात धरते. धरायचे. घरी."

"मग दुकानात का नाही बोललीस?"

"तुला ते पिस्तूल हवं होतं," ती म्हणाली. "आणि तुला वाईट वाटलं असतं."

मी तिथं तो पट्टीचा तुकडा बोटाला चिकटवून उभा राहिलो. डॉटनं विचारलं होतं. डॉटलासुद्धा दिसलं होतं. त्या कवळीवाल्याला फ्रिजसमोर दिसलं होतं. एक मलाच दिसलं नव्हतं, आणि मी छाती काढून सांगितलं होतं की मी तिचा बाप आहे. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुणावर काढू हे कळेना. मी म्हटलं, मालक-बिलक काय, हे कसं ठरवतात? तर तिनं दाखवलं. दोन्ही हात लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या मध्ये एक भोक ठेवायचं, त्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एक डोळा झाकायचा, मग दुसरा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो मालक. "तू कर ना," ती म्हणाली.

मी केलं. हसत केलं, पोरखेळ म्हणून. भोकात घड्याळ होतं. एक डोळा मिटणं मला अजून जमत नाही, म्हणून टेसनं तिच्या पंजानं माझा डावा डोळा झाकला. घड्याळ गेलं. भोकात नुसती भिंत. तिनं हात काढून उजवा झाकला. घड्याळ जागेवर, काटे, आकडे, सगळं स्वच्छ. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी हात फिरवून दुसरीकडे धरले, तरी तेच. टेस ओरडली नाही, पण तिचा चेहरा एकदम उजळला. "तुझ्याकडून आलंय," ती म्हणाली. "आईचा उजवा आहे. वेन म्हणालाच होता, कुणाकडून तरी आलं असणार."

आयुष्यभर. आयुष्यभर मला वाटत आलं की माझ्या हातात काहीतरी कमी आहे. आणि वडील माझ्या मालक डोळ्यावर पट्टी लावून मला नोकराच्या डोळ्यानं बघायला लावत होते. हे कळायला आमच्या वडिलांना एक मिनिट माझ्याकडे बघावं लागलं असतं, कागद सोडून. मला रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही. त्याऐवजी काय आलं सांगू? मत्सर. वेनला माझ्या मुलीचा डोळा सापडला, आणि त्याबरोबर माझाही सापडला. माझ्या तोंडचं सगळंच तो काढून घेतो आणि जाता जाता मलाच काहीतरी देऊन जातो, आणि ते नको म्हणताही येत नाही. टेसनं जुनं पिस्तूल डाव्या हातात घेऊन बघितलं. अंगठ्यासाठी कोरलेली ती सुंदर कड तिच्या तळव्यात रुतली. मीही बघितलं, माझ्याही रुतली. आमच्या घराण्यात त्या पिस्तुलाजोगा माणूसच नव्हता. मला हसू आलं, तीही हसली. बर्निसनं पलीकडून बघितलं, उठली, कपाट उघडलं आणि क्लबाचं एक झिजलेलं, आखूड नळीचं, मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेलं पिस्तूल आणून ठेवलं. कुठल्याही हातात बसणारं.

मग ती म्हणाली, चल पोरी, रेघेवर.

टेस पिवळ्या रेघेवर उभी राहिली. मी बाजूला, भिंतीशी. इथं खरं तर मला सुखाचा क्षण हवा होता, पण आता ती त्याचं नाव घेईल असं मला स्वच्छ दिसत होतं. घेईना का, त्याचा हक्कच आहे, अशी मी मनाची तयारी करत होतो आणि मन म्हणत होतं, अजिबात नाही. बर्निस म्हणाली, "टेस हव्रिला, तुझ्या मागे कोण?"

"बाबा," टेस म्हणाली. मग मोठ्यानं म्हणायचं असतं हे आठवून पुन्हा म्हणाली, "माझा बाबा. गॅरी हव्रिला."

मी इतका खूश झालो की मला लाज वाटली. मी पुढं झालो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, कान झाकायच्या आधी तिच्या कानात म्हटलं, थँक यू, बेटा. खरं तर तिथंच गप्प बसायचं. पण मला आणखी हवं होतं, वेनला हरवल्याचं मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "वेनला सांगितलंस का, की माझं नाव घेणार म्हणून?"

ती निरागसपणे म्हणाली, "मी आधी वेनलाच विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

"नाही म्हणाला?"

"म्हणाला, मागे बाबाच हवा. तो म्हणाला, लहानपणी त्याच्या क्लबातही अशीच रेघ होती, तिथं त्याला नाव घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं मास्तरांचं घेतलं, आणि मास्तर दुसऱ्या मुलाकडेच बघायचे." मग तिनं कानांवर झाकणं ओढली. तिच्यासाठी बोलणं संपलं होतं.

मी मागे उभा राहिलो. हातभर अंतरावर. जागा मला मिळाली होती, आणि ती त्यानं सोडलेली होती. हे मी कधी त्याला माफ करीन असं वाटत नाही. त्यानं ती लढून घेतली असती तर मी त्याचा सुखानं द्वेष केला असता. आता काय करायचं, पुढच्या शुक्रवारी माशाच्या जेवणाला त्याच्यासमोर जाऊन बसायचं? बसेन कदाचित. माझीही कोबीची वाटी सरकवीन त्याच्याकडे. पण जळणं गेलं असं मी सांगणार नाही, ते तिथंच होतं, छातीच्या डाव्या बाजूला.

टेसनं डावा हात उचलला. मान सरळ राहिली, आपणहून. मानेवरचे बारीक केस, कानावरच्या झाकणाचा ताण, उजवा हात खिशात घातलेला, जुन्या नेमबाजांसारखा, तो कुणी शिकवला असेल ते मला आता विचारायचं नव्हतं. तिचे खांदे वर आले. मग खाली यायला लागले, हळूहळू, आणि मला कळलं की माझेही येताहेत. खाली, आणखी खाली, आणि मग ती जागा आली जिथं काही हलत नाही. आम्ही दोघं तिथं होतो. माझी नजर कागदाकडे ओढ घेत होती, मी ती जाऊ दिली नाही. तिचं बोट हललं.

ती वळली, झाकण सरकवून म्हणाली, "लागलं का?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी बघितलंच नाही."

टेस माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा पुढं वळली आणि तिनं माझ्यासमोर तळहात धरला, पुढच्या गोळीसाठी.